पटाशीच्या आधीची माती

बीदरच्या किल्ल्यात गुंबद दरवाज्याजवळ असलेल्या रंगीन महालाची ख्याती मुख्यतः काळ्या दगडात जडवलेल्या शिंपल्याच्या चकचकीत कामामुळे आणि रंगीत फरशांमुळे झालेली असली, तरी लाकडावरील कोरीवकाम समजून घेऊ इच्छिणाऱ्याने तेथील लाकडी खांबांपुढे अधिक वेळ द्यायला हवा. बरीदशाही घराण्यातील अली बरीद शाहाने, म्हणजे १५४२ ते १५८० या काळात राज्य केलेल्या सुलतानाने, हा महाल नव्याने सजवला. त्याच्या दालनातील खांबांची कोरलेली शिरे आणि वरचा भार पेलणारे हस्त पाहिले, म्हणजे या खांबांवर काम करणाऱ्यांचा हात किती सरावलेला होता हे ध्यानात येते. दगडी वास्तूंनी भरलेल्या या प्रदेशात चारशे वर्षांहून अधिक काळ टिकलेले असे लाकूड विरळाच, आणि म्हणूनच लाकूड कोरण्याआधी त्याच्या आकाराचा विचार कसा केला जातो, हा प्रश्न मांडायला बीदरइतके योग्य ठिकाण दुसरे सापडणे कठीण आहे.

लाकडातील कोरीवकाम म्हणजे निव्वळ वजाबाकी होय. ठोकळ्यातून जे काढले ते गेले; पटाशीचा एक घाव खोल बसला, तर त्या जागी लाकूड परत आणता येत नाही आणि उरतो तो केवळ भोवतालचे सारेच खाली उतरवून घेण्याचा मार्ग, ज्यात आकृती लहान होते व तिचे प्रमाण बिघडते. मातीत मात्र भर घालता येते, काढता येते, चुकलेला भाग दाबून पुन्हा घडवता येतो. लाकडावर हत्यार चालवण्याआधी तीच आकृती मातीत घडवून पाहण्याची रीत या फरकातूनच जन्माला आली आहे. अशा मातीच्या आकृतीला येथे ‘नमुना’ म्हटले आहे; ती विकण्यासाठी किंवा पूजण्यासाठी नसते, तिचे काम फक्त निर्णय घेण्यास मदत करणे एवढेच असते.

यावर कोणी असे विचारील, की पिढ्यान्‌पिढ्या दारांच्या चौकटी, देव्हारे आणि जत्रेचे रथ कोरणाऱ्या सुतारांनी मातीचे नमुने कोठे केले होते? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर परंपरेच्या स्वरूपातच आहे. परंपरागत कारागिराच्या मनात आकृती आधीपासून तयार असते. वेलबुट्टी, कमळ, कीर्तिमुख, हंसांची ओळ हे घटक त्याने शिकाऊ असताना शेकडो वेळा कोरलेले असतात, शिवाय देवमूर्तींसाठी शिल्पशास्त्राने ‘तालमान’ नावाची प्रमाणपद्धती दिलेली असते, जिच्यात चेहऱ्याच्या लांबीला एक ताल मानून, उदाहरणार्थ नवताल मूर्तीत, संपूर्ण उंची अशा नऊ मापांची धरली जाते. आठवण, प्रमाण आणि गुरूच्या हातची जुनी वस्तू ही तिन्ही मिळून नमुन्याचेच काम करत असतात. परंतु ज्या क्षणी कारागीर पूर्वी कोणी न कोरलेली आकृती स्वतःच्या कल्पनेने करू पाहतो, त्या क्षणी या तिन्ही आधारांचा उपयोग संपतो. कागदावरचे रेखाचित्र त्याला लांबी-रुंदी सांगते, खोली सांगत नाही. आणि लाकडात खोली हाच खरा निर्णय असतो. नव्या, स्वतंत्र कामासाठी मातीचा नमुना आवश्यक ठरतो तो याच कारणाने.

आश्चर्याची गोष्ट अशी, की आधी माती आणि मग कोरणी हा क्रम बीदरला अजिबात नवा नाही, फक्त तो लाकडात नसून धातूत आहे. बीदरी कामाच्या नावाने जगभर ओळखली जाणारी ही कला बहामनी काळापासून, म्हणजे अहमद शाह वली या सुलतानाने १४२० च्या दशकात आपली राजधानी गुलबर्ग्याहून (आजच्या कलबुर्गीहून) बीदरला आणली त्या सुमारापासून, येथे रुजली असे परंपरा मानते. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूतून, ज्यात जस्ताचे प्रमाण तांब्याच्या सुमारे सोळा पट असते, सुरई, हुक्का, पानदान अशा वस्तू ओततात आणि त्यांवर चांदीची नक्षी जडवतात. ओतकामाचा साचा साध्या मातीचा असतो, परंतु ती माती घट्ट आणि लवचीक व्हावी म्हणून तिच्यात एरंडेल आणि राळ मिसळली जाते. जुन्या पद्धतीत तर माती आणि शेण यांच्या मिश्रणाचा गोळा चरकावर फिरवून त्याला आधी नेमका आकार देत, त्यावर मेणाचा थर चढवून तो पुन्हा चरकावर सारखा करत, वरून मातीचे कवच घालत, आणि ते तापवून मेण वितळवल्यावर उरलेल्या पोकळीत धातूचा रस ओतत. सुरईचा गळा किती निमुळता, पोट किती फुगीर, तळ किती रुंद, हे सारे अशा प्रकारे मातीत आणि मेणात ठरत असे, धातूत नव्हे.

ओतलेली वस्तू कानशीने साफ झाली, की तिच्यावर मोरचुदाचे पाणी लावून पृष्ठभाग तात्पुरता काळवंडवतात, म्हणजे पोलादी टोकाने ओढलेली पांढरी रेघ स्पष्ट दिसते. या रेघेवरून निरनिराळ्या टोकांच्या छिन्न्यांनी खाचा पाडून त्यांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. तारेच्या कामाला तारकशी आणि पत्र्याच्या कामाला तहनिशान म्हणतात. शेवटी वस्तू तापवून तिच्यावर नवसागर आणि बीदर किल्ल्याच्या जुन्या भागातील माती यांचा लेप चोळतात, तेव्हा धातू कायमचा काळा होतो आणि चांदी तशीच पांढरी राहते. या कलेला २००६ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंद मिळाली आणि बीदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले.

लाकूड कोरणाऱ्याने या क्रमातून जे शिकावे असे आहे, ते मातीच्या गुणांपेक्षा निर्णयांच्या क्रमाविषयी अधिक आहे. बीदरीत वस्तूचा मूळ आकार आणि तिच्यावरची नक्षी हे दोन निर्णय वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पदार्थांत घेतले जातात. आकार पक्का झाल्याखेरीज नक्षीला हात लागूच शकत नाही. लाकडात मात्र आकार आणि नक्षी एकाच ठोकळ्यातून निघायची असल्यामुळे पिसे, डोळे, पाकळ्या यांकडे लवकर वळण्याचा मोह होतो, आणि मग आतला आकार कच्चा राहिलेली, पण वरून अतिशय बारीक कोरलेली अशी कामे दिसू लागतात. पुष्कळ नव्या कोरीवकामाचा निर्जीवपणा याच ठिकाणी असतो. मातीचा नमुना ही शिस्त लाकडातही आणतो.

आता मातीविषयी. बीदर शहर ज्या पठारावर वसले आहे ते जांभ्याचे असून तेथील माती लाल आहे, तर खाली भालकी, औराद, हुमनाबादच्या बाजूला आणि पुढे कलबुर्गीच्या तुरीच्या शेतांत बेसॉल्टपासून झालेली काळी माती पसरली आहे. काळी माती हाताला कितीही मऊ लागली, तरी ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना आकसून भेगाळते, हे या भागातील प्रत्येक शेतकऱ्याला उन्हाळ्यात पायाखाली दिसते. म्हणून नमुन्यासाठी ती एकटी चालत नाही. कुंभाराकडची तळ्याकाठची चिकण माती चाळून, तिच्यात बारीक वाळू मिसळून आणि चांगली मळून घेतली, तर ती पुरेशी असते. गणेशमूर्तींमुळे मराठी वाचकाला परिचित असलेला शाडूही चालतो. पाण्यात भिजवलेली कोणतीही माती वाळताना साधारण ५ ते १० टक्के आकसते, त्यामुळे मापे घ्यायची ती नमुना ओला असतानाच, किंवा त्याचा प्लास्टरचा ठसा काढून. काम चालू असेतोवर नमुना ओल्या फडक्यात आणि वरून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावा लागतो, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा कलबुर्गीचे ऊन एका दुपारीत माती कोरडी करते. यावर उपाय म्हणून तेल आणि मेण घातलेली, कधीही न वाळणारी माती वापरता येते. प्लॅस्टिसिन या नावाने ती इंग्लंडमधील बाथ या गावचे कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये तयार केली, ती विद्यार्थ्यांच्या हातात वारंवार वापरता येणारी माती यावी म्हणूनच.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. कर्नाटकाचे राजचिन्ह असलेला गंडभेरुंड, म्हणजे दोन डोक्यांचा पौराणिक पक्षी, एखाद्या जत्रेच्या रथाच्या फळीवर सागवानात नव्या रीतीने कोरायचा आहे आणि त्यासाठी ६० सेंटिमीटर उंच, ४० सेंटिमीटर रुंद व १५ सेंटिमीटर जाड असा ठोकळा मिळाला आहे, असे समजू. नमुना निम्म्या मापाचा करायचा ठरल्यास कारागीर ३० बाय २० सेंटिमीटरची एक फळी घेतो आणि तिच्या चारही कडांना साडेसात सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या ठोकून उथळ पेटी बनवतो. हा पेटीचा काठ म्हणजे लाकडाच्या ठोकळ्याचा पुढचा पृष्ठभाग; काठावरून सरळ पट्टी सरकवली असता ती मातीला कोठेही अडली, तर तेवढा भाग लाकडात अस्तित्वातच नाही, हे तत्काळ कळते. नवख्या माणसाच्या हातून सर्वांत जास्त होणारी चूक, म्हणजे ठोकळ्यात मावणार नाही एवढी आकृती कल्पिणे, या साध्या पेटीने टळते. फळीवर खिळे ठोकून त्यांना तार गुंडाळली जाते, जेणेकरून ओली माती स्वतःच्या वजनाने खाली घसरणार नाही, आणि मग मोठे आकार आधी भरले जातात: छातीचा फुगवटा, दोन मानांची वळणे, पसरलेल्या पंखांचे उतार. पिसांची एकही रेघ या टप्प्यावर ओढायची नसते.

त्यानंतर नमुना उभा करून त्यावर एका बाजूने दिवा धरतात. उठावाचे काम, म्हणजे पार्श्वभूमीपासून थोडेसेच वर आलेले शिल्प, मुख्यतः सावलीवर जगते. समोरून पडणाऱ्या प्रकाशात जे ठीक वाटते ते बाजूच्या प्रकाशात सपाट किंवा गोंधळलेले दिसू शकते. रथावरचे कोरीवकाम माणसाच्या डोक्याच्या वर असते आणि ते खालून पाहिले जाते, म्हणून नमुनाही उंच फळीवर ठेवून खालून पाहावा लागतो, आणि तसे पाहिल्यावर बहुधा असे दिसते, की छातीच्या फुगवट्याने पक्ष्याचे डोळे झाकले गेले आहेत. मग दोन्ही डोकी थोडी पुढे झुकवावी लागतात, छाती आत दाबावी लागते. मातीत हे काम काही मिनिटांचे असते. लाकडात ही गोष्ट महिनाभराच्या कामानंतर, रथावर फळी चढवल्यावरच उमगली असती.

तथापि माती एका बाबतीत फसवते आणि त्याची जाणीव नसलेल्या कारागिराला नमुना उपकारक होण्याऐवजी घातक ठरतो. मातीला रेषा नसतो, लाकडाला असतो. झाडाच्या उंचीच्या दिशेने धावणारे हे तंतू त्या दिशेत बळकट असतात, पण त्यांना आडवा गेलेला बारीक भाग हलक्या धक्क्यानेही तुटतो. गंडभेरुंडाच्या फळीत रेषा उभा धरला, तर दोन्ही बाजूंना आडव्या निघालेल्या चोची नेमक्या दुबळ्या दिशेत येतात. आत तार असल्यामुळे मातीत त्या कितीही लांब आणि अणकुचीदार करता येतात, लाकडात मात्र पहिल्याच जत्रेत दोर लागून त्यांचे टोक उडणार. म्हणून अनुभवी कारागीर नमुन्याच्या काठावर बाणाने रेष्याची दिशा कोरून ठेवतो आणि प्रत्येक निमुळता भाग त्या बाणाशी ताडून पाहतो. चोच मागे वळवून पंखाला टेकवता येते, किंवा तिच्यात काही धरवता येते. पारंपरिक गंडभेरुंडाच्या चोचींत आणि नखांत हत्ती धरलेले दाखवतात, ते त्याचे बळ सुचवण्यासाठी. परंतु त्या हत्तीमुळे चोचीच्या टोकाला आधार मिळून ते भोवतालच्या लाकडाशी जोडलेलेही राहते. परंपरेने सिद्ध केलेल्या आकृतींत शहाणपणाच्या अशा कितीतरी युक्त्या दडलेल्या आहेत, आणि नवी आकृती घडवणारा त्या मातीपाशी बसूनच एकेक करून शोधू शकतो.

नमुना मनासारखा झाला, की मापे लाकडावर उतरवण्याचा टप्पा येतो. पेटीच्या काठांवर आडवी पट्टी ठेवून तिच्या भोकातून एक सुई खाली सोडतात. सुई मातीला टेकते तेथपर्यंतची खोली मोजून ती दुप्पट केली, की लाकडातील त्या बिंदूची खोली मिळते. पंखाच्या मुळाशी ती नमुन्यात साडेतीन सेंटिमीटर आली, तर लाकडात सात. ड्रिलच्या पात्यावर सात सेंटिमीटरला दोन-तीन मिलिमीटर कमी पडतील अशा ठिकाणी कागदी चिकटपट्टीचा वेढा देतात आणि वेढा लाकडाला टेकेपर्यंत भोक पाडतात. असे पंचवीस-तीस बिंदू झाले, म्हणजे गोल पटाशीने भोकांच्या तळापर्यंत निर्धास्तपणे लाकूड उडवता येते, आणि राखून ठेवलेल्या त्या दोन-तीन मिलिमीटरांत शेवटचा, हाताच्या कौशल्याचा भाग होतो.

मापे उतरवण्याची ही धडपड जगभर निरनिराळ्या रूपांत आढळते. सोळाव्या शतकातील इटालियन चरित्रकार जॉर्जो वासारी याने मायकेलअँजेलोच्या पद्धतीचे वर्णन करताना पाण्याच्या टाकीत आडव्या ठेवलेल्या मेणाच्या आकृतीचा दाखला दिला आहे: आकृती हळूहळू वर उचलली असता तिचे सर्वांत उंच भाग आधी पाण्याबाहेर येतात, मग त्यांखालचे, आणि शिल्पकाराने दगडही त्याच क्रमाने उघडा करत जावा. हा दाखला संगमरवराचा असला तरी लाकडाला तो तंतोतंत लागू पडतो. जपानमध्ये बौद्ध मूर्तींची लाकडी परंपरा फार जुनी असूनही, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील शिल्पकारांनी मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टर आणि बिंदूमापनाने लाकूड ही युरोपीय पद्धत आत्मसात केली. हिरागुशी देंचू (१८७२ ते १९७९) या शिल्पकाराने काबुकी नट ओनोए किकुगोरो सहावे यांचे ‘कागामिजिशी’ या नृत्यातील सुमारे दोन मीटर उंचीचे रंगीत लाकडी शिल्प १९५८ मध्ये पूर्ण केले, त्यामागे वीस वर्षांची तयारी होती. भरजरी पोशाखाखाली शरीर कसे तोललेले आहे हे कळावे म्हणून त्याने नटाच्या उघड्या देहाचाही स्वतंत्र अभ्यास-नमुना घडवला. मोठ्या कलावंताने घेतलेला हा खटाटोप पाहिला, म्हणजे नमुना हे केवळ नवशिक्याचे साधन आहे हा समज दूर व्हावा.

बीदर आणि कलबुर्गी ज्यात येतात त्या कल्याण कर्नाटकातच, कोप्पळ जिल्ह्यातील किन्नाळ येथे, या सर्वांपेक्षा निराळी वाट सापडते. तेथील कारागीर हलक्या लाकडाचे भाग जोडून मूर्ती करतात आणि दागिन्यांचा उठाव कोरण्याऐवजी चिंचोक्याची खळ व दगडाची पूड यांच्या लगद्याने वरून चढवतात, मग रंगवतात. लाकडात भर घालता येत नाही या अडचणीवर त्यांनी काढलेला हा तोडगा अस्सल आहे. रंगवायच्या कामाला तो शोभतो, उघड्या सागवानाला मात्र नाही.

मुंबईत १८५७ मध्ये सुरू झालेल्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत १८६५ मध्ये वास्तुशिल्पाचे शिक्षक म्हणून आलेल्या जॉन लॉकवुड किपलिंग यांच्या काळापासून मातीकामाला शिक्षणात स्थान मिळाले, आणि १८९१ मध्ये तेथेच हस्तकलांसाठी लॉर्ड रे यांच्या नावाने कार्यशाळाही सुरू झाल्या. मात्र पुढे मातीकाम शिल्पकाराकडे आणि लाकूडकाम सुताराकडे अशी विभागणी पक्की होत गेली, जी दोघांच्याही तोट्याची ठरली. बसवकल्याण, भालकी, आळंद या भागांतील मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या सुतारांच्या मुलांना आज संगणकावर चालणाऱ्या कोरणी यंत्रांशी स्पर्धा करावी लागते, आणि ठरीव वेलबुट्टी यंत्र त्यांच्याहून स्वस्तात काढते; यंत्राला जे जमत नाही ते नव्या आकृतीची कल्पना करणे. त्यासाठी लागणारी माती जवळपास फुकट आहे आणि पेटी, तार, सुई, पट्टी यांचा खर्च एका चांगल्या पटाशीपेक्षा कमी येतो. लाकूडकाम शिकवणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पहिल्या वर्षी निदान काही महिने विद्यार्थ्याच्या हाती फक्त माती द्यावी, हे सुचवण्यात म्हणूनच कसलीही अतिशयोक्ती नाही.

पूर्ण झालेल्या नमुन्याचा प्लास्टरचा ठसा जपून ठेवला, तर त्याचा उपयोग पुढेही होतो. कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर जत्रेतल्यासारख्या मोठ्या रथांचे लाकूड ऊन, पाऊस, वाळवी आणि गर्दीचे धक्के यांनी झिजत असते व त्याचे भाग वेळोवेळी बदलावे लागतात. त्या वेळी झिजलेल्या तुकड्यावरून अंदाज बांधण्यापेक्षा मूळ नमुन्याच्या ठशावर सुई टेकवून नव्या फळीची मापे घेणे केव्हाही अधिक भरवशाचे असते, मग मूळ कारागीर हयात असो वा नसो.